कुलूप, किल्ली आणि अंगठा

‘हे माझं खाजगी आहे’ असं आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. शब्द इतका सवयीचा झाला आहे, की तो कुठून आला हे विचारावंसंही वाटत नाही. मूळ शब्द ‘खासगी’. ‘खास’पासून तो झाला आणि फारसीच्या वाटेनं, राजदरबारातून मराठीत आला. राज्यकर्त्याच्या घरचा स्वतंत्र खर्च, त्याच्या स्वतंत्र जमिनी, त्यांचे स्वतंत्र कारकून, हे सगळं मिळून खासगी. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा बराचसा पैसा या खासगीतून गेला. म्हणजे जुन्या काळी खासगी ही राजवाड्यातली गोष्ट होती. रयतेची शेती, तिचं कर्ज, तिची जात, तिच्या घरातली भांडणं गावच्या चावडीवर उघडीच असत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. आधार योजनेला आव्हान देत निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी न्यायालयात गेले होते, त्या प्रकरणातून हा निकाल आला. वाड्यातला शब्द त्या दिवशी झोपडीपर्यंत पोचला. पण अधिकार मिळणं वेगळं आणि त्याला कुलूप लावता येणं वेगळं. आज आपली सातबाऱ्याची माहिती, बँकेचं पासबुक, डॉक्टरची चिठ्ठी, लेकीचे फोटो, सगळं एका वीतभर यंत्रात आहे. तेव्हा हे कुलूप कसं लावायचं, किल्ली कुणाजवळ ठेवायची, हे शिकणं भाग आहे. आणि ही विद्या आपल्याकडे नवी नाही. आमच्या विदर्भात तिला साडेसहाशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात कुलपाचा फायदाही दिसतो आणि कुलपाची किंमतही.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर नावाचं गाव आहे. २०२४ साली तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. ते तिथंच का, याचं उत्तर तेराव्या शतकात आहे. चक्रधरस्वामींच्या निर्गमनानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यानं जे पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी एकेक प्रसंग पडताळून घेतला. त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. परंपरा सांगते, की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी हरवली. मग ज्यांना जे मुखोद्गत होतं, त्यांनी आठवून आठवून ते पुन्हा लिहिलं. म्हणूनच लीळाचरित्राचे आज एकाहून अधिक पाठ मिळतात.

एकदा पोथी हरवल्याचं दुःख ज्यांनी सोसलं, त्या पंथानं पुढे आपल्या पोथ्यांना लिपीचं कुलूप घातलं. ही चौदाव्या शतकातली गोष्ट. सगळ्यांत जास्त चालली ती ‘सकळ’ लिपी. ती रवळोबासांनी तयार केली असं मानतात. तिच्याशिवाय सुंदरी लिपी होती, अंकलिपी होती, शून्यलिपी होती, आणखीही कितीतरी होत्या. पोथ्या गुप्त लिपीत का लिहिल्या, याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. पवित्र वचनं अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, हे एक. विरोधकांनी त्यात फेरफार करू नये, हे दुसरं. कारण कोणतंही असो, उपाय एकच होता. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा दुसरी खूण लिहायची. कोणत्या अक्षरासाठी कोणती खूण, हे पंथातल्या माणसालाच ठाऊक. बाहेरच्या माणसाच्या हाती पोथी लागली, तरी त्याला अर्थ लागत नसे.

समजा, आपण ठरवलं की ‘क’ऐवजी ‘म’ लिहायचा, ‘म’ऐवजी ‘ट’ आणि ‘ळ’ऐवजी ‘र’. मग ‘कमळ’ हा शब्द ‘मटर’ असा दिसेल. वाचणाऱ्याला वाटेल, भाजीबाजाराची यादी आहे. आजचा तुमचा फोन संदेश पाठवताना करतो ते मुळात याच जातीचं काम. फक्त तो अक्षरांऐवजी अंकांशी खेळतो आणि त्याची किल्ली इतकी लांबलचक असते, की माणसानं जन्मभर बसून अंदाज केले तरी ती सापडणार नाही.

अक्षर आणि अंक यांचं हे नातं आम्हा शायर मंडळींना जवळचं आहे. अरबी वर्णमालेत प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार. याला अबजद म्हणतात. जुने शायर एखाद्याच्या निधनावर किंवा इमारतीच्या पायाभरणीवर अशी ओळ रचत, की तिच्या अक्षरांची बेरीज केली की बरोबर ते साल निघावं. कबरींवर, मशिदींच्या कमानींवर अशा ओळी कोरलेल्या सापडतात. माझ्या आजोबांनी मला लहानपणी ही बेरीज शिकवली. तेव्हा तो मला एक खेळ वाटायचा.

या खेळाची दुसरी बाजू नवव्या शतकात बगदादच्या अल किंदी या विद्वानानं उलगडली. त्यानं दाखवलं, की प्रत्येक भाषेत काही अक्षरं फार वेळा येतात आणि काही क्वचित. तेव्हा गुप्त मजकुरात कोणती खूण सगळ्यांत जास्त वेळा आली ते मोजा, म्हणजे ती कोणतं अक्षर असावं याचा अंदाज येईल. अशा एकेका अंदाजानं कुलूप उघडतं. कुलपं बनवणारे आणि कुलपं उघडणारे यांची शर्यत जी तेव्हा लागली, ती अजून चालू आहे. गुप्त लिपीला इंग्रजीत ‘सायफर’ म्हणतात. तो शब्द अरबीतल्या ‘सिफ्र’वरून आला. सिफ्र म्हणजे शून्य, आणि शून्याची कल्पना तर अरबांकडे गेली ती आपल्याकडून.

आता रिद्धपूरच्या कुलपाची किंमत पाहू. महानुभाव पंथ महाराष्ट्राबाहेर पंजाबपर्यंत पोचला, त्याकाळी पार पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ होते. तिथली माणसं मराठी पोथ्या जपत होती, वाचत होती. आणि इकडे महाराष्ट्रात, सकळ लिपीमुळे, मराठी माणसाला आपल्याच भाषेतल्या पहिल्या गद्यग्रंथाचा पत्ता नव्हता. बंद पोथीत काय असेल याविषयी लोक मनानं वाटेल ते रचतात. महानुभावांविषयीही रचलं गेलं. ‘मानभाव’ हे या पंथाचंच बोलीतलं नाव. त्यावरून झालेला ‘मानभावी’ हा शब्द आपण आजही ढोंगी माणसासाठी वापरतो. एका सोज्ज्वळ पंथाचं नाव शिवीसारखं वापरलं जावं, यामागे धर्मद्वेष होताच, पण बंद पोथीचं गूढही एक कारण होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचं कोडं सोडवलं. मग पंथातल्या काही महंतांनीही मोठ्या मनानं आपल्या पोथ्या अभ्यासकांसमोर ठेवल्या. वि. ल. भावे यांनी त्यांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ह. ना. नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्र छापून काढलं. आणि यात आमच्या यवतमाळचा वाटा मोठा आहे. यशवंत खुशाल देशपांडे हे यवतमाळचे. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. शारदाश्रम ही त्यांची संस्था यवतमाळातलीच. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांपासून इतक्या दूर, कापसाच्या या गावात, एक माणूस जुन्या पोथ्या गोळा करत बसला, म्हणून आद्य मराठी कवयित्री महदंबा हिची नीट ओळख आपल्याला झाली. तिचे धवळे आज आपण अभ्यासतो, त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत.

या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो. कुलपानं पोथी वाचवली, हे खरं. पण कुलूप इतकं पक्कं होतं, की पाचशेहून अधिक वर्षं घरच्यांनाही आत जाता आलं नाही. पंथाजवळ किल्ली होती म्हणून निदान काही हाती लागलं. पंथच नामशेष झाला असता, तर महदंबाही गेली असती.

आता हे आजच्या घरात आणून पाहा. आमच्या भागात मी एक घर पाहिलं आहे. गाव आणि नाव सांगत नाही. घरचा कर्ता पुरुष अचानक गेला. त्याचा फोन बायकोजवळ होता, पण तो उघडण्याची खूण तिला माहीत नव्हती. कुणाकडून किती उसने घेतले, विम्याचा हप्ता कोणत्या खात्यातून जायचा, पीककर्जाचा संदेश कुठल्या बँकेतून यायचा, सगळं त्या काळ्या काचेमागे. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्या बाईनं फोन तसाच कपाटात ठेवला. आतमध्ये नवऱ्याचे फोटोही होते. मला तेव्हा रिद्धपूरची पोथी आठवली.

म्हणून माझा पहिला सल्ला कुलपाचा नाही, दुसऱ्या किल्लीचा आहे. फोन उघडण्याचा आकडा, ईमेलचा पासवर्ड आणि खातं परत मिळवण्यासाठी कंपनी जे आपत्कालीन आकडे देते ते, एका कागदावर लिहा. कागद पाकिटात घाला, पाकीट चिकटवा आणि जिथं सातबारा, खरेदीखत, सोन्याची पावती ठेवता तिथं ठेवा. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ते कुठं आहे हे सांगा. संगणकातले जाणकार तरुण या कागदाला हसतील. पण दूर देशातला चोर तुमच्या लोखंडी पेटीत हात घालू शकत नाही.

आता गुप्ततेची दुसरी तऱ्हा पाहू. बैलबाजारात किंवा धान्याच्या अडतीवर जुन्या माणसांनी पाहिलं असेल, दोन दलाल एकमेकांचा हात हातात घेत आणि वरून उपरणं किंवा रुमाल टाकत. आत बोटं दाबून भाव ठरे. तोंडानं एक शब्द नाही. बाजूला उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा सौदा काय झाला हे कळत नसे. जे कळायचं ते दोघांच्या बोटांना. ही गुप्तता कुणाला वाचवत होती? महानुभावांची गुप्तता दुर्बळाची ढाल होती, ही मात्र बळवंताची सोय होती. वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारात असल्या प्रकारांना आळा बसावा म्हणून बाजारांना नियम आले. आमच्या शेजारी कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यानं बाजार समित्यांची घडी बसवली. उघडा लिलाव, उघडं वजन, सौद्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात, यासाठी इतकी वर्षं लागली.

आज फोनमध्ये एखादं ॲप घेताना आपण जे ‘मान्य आहे’ असं बटण दाबतो, तो मला रुमालाखालचा सौदा वाटतो. विजेरीचं साधं ॲप, आणि ते मागतं काय? तुमच्या सगळ्या ओळखीच्या माणसांचे नंबर, तुमचं ठिकाण, तुमचा मायक्रोफोन. उजेडाला या सगळ्याची काय गरज? ॲप फुकट असतं तेव्हा बहुधा माल तुम्हीच असता आणि भाव दुसरेच कुणीतरी ठरवत असतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘परमिशन’ नावाचं पान असतं. कोणतं ॲप काय काय पाहतं, हे तिथं एकेक करून दिसतं आणि नको ते बंद करता येतं. महिन्यातून एकदा, रविवारच्या दुपारी, ते पान उघडा. रुमाल उचलून बोटं पाहण्याचा हाच मार्ग आहे. झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. अशा काही ॲपनी फोनमधले सगळे नंबर घेऊन कर्जदाराच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना बदनामीचे संदेश पाठवले आणि त्या छळापायी माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

आता टपालाकडे येऊ. आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड सुरू झालं, एका पैशाला. पोस्टकार्ड उघडं असतं, वाटेतला प्रत्येक जण ते वाचू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आपल्या माणसांनी त्यातही रीती काढल्या. कुणाच्या मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडत. मजकूर वाचण्याआधीच घराला कळे. सोयरिकीची, पैशाची, घरातल्या भांडणाची गोष्ट मात्र कार्डावर कुणी लिहीत नसे. त्याला लिफाफा. एक पैसा वाचवायचा की गोष्ट झाकायची, याचा विचार निरक्षर माणूसही पत्र लिहून घेताना करत असे.

हा विवेक फोन आल्यावर सुटला. साधा एसएमएस हे पोस्टकार्ड आहे. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून आणि सिग्नलवर पहिल्यापासून संदेश बंद लिफाफ्यातून जातो. कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही. पण लिफाफा कुणी कुणाला, किती वाजता, कितीदा पाठवला हे लिफाफ्यावरून दिसतंच. सिग्नल त्याचीही नोंद कमीत कमी ठेवतं, व्हॉट्सॲप जास्त ठेवतं. पण व्हॉट्सॲपवर अख्खं गाव आहे आणि सिग्नलवर गावातले चार जण. सोय आणि झाकण यांचा हा सौदा ज्यानं त्यानं करायचा आहे. माझं म्हणणं इतकंच, की सौदा डोळे उघडे ठेवून व्हावा. आणि एक गोष्ट विसरू नका. पत्र पोचल्यावर ते ज्याच्या हातात पडतं, त्यानं चावडीवर वाचून दाखवलं तर कोणताही लिफाफा उपयोगाचा नाही.

माणसाचा हा धागा किती कच्चा असतो, याची एक गोष्ट आकाशवाणीवर बोलताना सांगायलाच हवी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सगळे मोठे पुढारी तुरुंगात गेल्यावर मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं आणि तिच्या साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते प्रक्षेपणाची जागा सारखी बदलत. यंत्र हलवत, खोल्या बदलत. पोलिसांच्या गाड्या आवाजाचा माग काढत फिरत होत्या, तरी ऑगस्टच्या अखेरीपासून ते केंद्र चालत राहिलं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडलं गेलं. पोलिसांना वाट दाखवली ती त्यांच्याच एका तंत्रज्ञानं. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र दगा देत नव्हतं, माणसानं दगा दिला.

आज चोर तुमच्या बँकेचं कुलूप फोडायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो तुम्हालाच फोन करतो. कधी वीज कापण्याची भीती घालतो, कधी केवायसीची, कधी पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओवर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगतो. तेव्हा तीन गोष्टी पाठ असू द्या. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. आणि ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नका. १९३० हा नंबर ताबडतोब फिरवा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

आता शेवटची आणि आमच्या जिल्ह्याला सगळ्यांत जवळची गोष्ट, अंगठा. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५८ साली बंगालमध्ये एका करारावर स्थानिक ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात बोटांच्या ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसली आणि १८९७ साली तिथं ठशांचा दफ्तरखाना सुरू झाला. ही पद्धत जगभर हेन्री या साहेबाच्या नावानं ओळखली जाते, पण तिचं गणित बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांचा मोठा हात होता. इकडे आपल्या शेतकऱ्याला अंगठ्याची ओळख झाली ती सावकाराच्या कागदावर. काय लिहिलं आहे ते वाचता येत नाही, पण खाली अंगठा आपला. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण हसण्यावारी नेतो, पण त्या अंगठ्यानं किती जमिनी गेल्या!

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. अंगठा पुन्हा आपली ओळख झाला. याचं भलंही झालं. लिहिता न येणाऱ्या म्हातारीला निराधार योजनेचे पैसे गावातच, अंगठा लावून मिळू लागले. तालुक्याला जाण्याचं एसटीचं भाडं वाचलं, दिवसाची मजुरी वाचली. ज्यांना हे सगळं फक्त धोक्याचं वाटतं, त्यांनी बँकेच्या दारात उन्हात बसलेली ती रांग आठवावी.

पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून बोटांचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून, लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा, एवढं मिळालं की झालं. याला एक साधं कुलूप आहे आणि ते सरकारनंच दिलं आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या ठशांना कुलूप लावता येतं. गरज पडेल तेव्हा ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं. ज्यांना दर महिन्याला अंगठ्यावरच पैसे काढायचे आहेत, त्यांना ही उघडझाक जमेल का, हे घरातल्या शिकलेल्या मुलानं पाहावं. ज्यांना अंगठ्याची रोज गरज नाही, त्यांनी तर हे आजच करावं. आधारची झेरॉक्स देताना शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत उतरवून घेता येते, ती द्यावी. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत हे ‘संचार साथी’वर कळतं. त्यात अनोळखी नंबर दिसला, तर तिथंच तक्रार करता येते.

पासवर्डबद्दल कवी म्हणून एक सांगतो. आवडत्या गाण्याचा मुखडा, अभंगाची ओळ, शेर, मुलाचं नाव आणि जन्मसाल हे पासवर्ड म्हणून ठेवू नका. जे तुम्हाला पाठ आहे, ते चोराच्या यंत्रालाही पाठ असतं. त्यापेक्षा शब्दकोश चार ठिकाणी डोळे मिटून उघडा आणि जे शब्द हाताला लागतील ते चार एकापुढे एक ठेवा. कविता म्हणून ती ओळ टाकाऊ असेल, पासवर्ड म्हणून उत्तम. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, आणि ते सगळे लक्षात राहणार नाहीत. त्यासाठी बिटवॉर्डन, कीपास यांसारखे पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. दिवाणजीच्या कमरेच्या जुडग्यासारखे ते काम करतात. आणि ईमेलला दुहेरी कुलूप लावा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या शेवटी ईमेलवरच येतात.

इतकं करूनही सगळं आपल्या हातात नसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम चोरांनी तीन दिवसांत पळवली. त्यातली बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. त्यात ग्राहकाचा काही दोष नव्हता. आपली माहिती जो गोळा करतो, त्यानं ती सांभाळलीच पाहिजे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेता, हे विचारण्याचा आपला हक्क त्यातून पक्का होतो आहे.

पण खरा अवघड प्रश्न कायद्यापलीकडे आहे. २०२० साली कर्जमुक्तीच्या याद्या गावोगावी चावडीवर लागल्या. त्या लागल्या म्हणून कुणाचं नाव गळलं, कुणाचं उगाच घुसलं, हे गावाला कळलं. यादी उघडी असणं ही शेतकऱ्याची ढाल होती. पण त्याच यादीत एखाद्या अब्रूदार माणसाचं कर्ज सोयऱ्याधायऱ्यांसमोर उघडं पडलं असेल. ज्या जिल्ह्यात कर्जाच्या लाजेनं माणसं गेली आहेत, तिथं ही गोष्ट लहान नाही. तेव्हा उघडं काय असावं आणि झाकलेलं काय, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. सत्ता आणि पैसा ज्याच्या हाती आहे, त्याचा व्यवहार उघडा असावा. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्या घराला दार असावं, आणि त्या दाराची किल्ली त्याच्याच घरात असावी.

म्हणून आज जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांचे फोन एकत्र घेऊन बसा. म्हाताऱ्या आईला १९३० हा नंबर लिहून द्या, अंगठ्याच्या कुलपाचं बघा, आणि तो पाकिटातला कागद लिहून पेटीत ठेवा. तासाभराचं काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)